संपातली खालची वीत

माझ्या नातीला गणित शिकवणारा मास्तर काचेच्या आत राहतो. संध्याकाळी सहा वाजले की ती टॅब भिंतीला टेकवून ठेवते, कानात ती बोंडं घालते आणि मास्तर आतून हात हलवायला लागतो. त्याला माझी नात दिसत नाही. ती जांभया देते, चिवडा खाते, मधेच उठून मांजराला हाकलून येते, तरी हा आपला ‘व्हेरी गुड’ म्हणून पुढं जातो. कुणाला म्हणतो देव जाणे. आमच्या शाळेतला मास्तर छडी मारायचा, पण निदान कुणाला मारतोय ते बघून मारायचा.

त्या दिवशी मी मागं बसून कोथिंबीर निवडत होतो. बायको गेल्यापासून भाजी निवडायचं काम माझ्याकडं आलंय, कारण सून म्हणते मी नीट निवडतो. मला माहीत आहे, ती मला कामाला लावून ठेवते. असो. तर मास्तरानं काचेवर एक आडवी रेघ मारली, एक उभी मारली आणि म्हणाला, आता आपण सरळ रेषेचा आलेख काढू. मग त्यानं एक लांबलचक तक्ता केला. वजा तीन घाला, वजा दोन घाला, वजा एक घाला. सात ठिपके काढले. सात. मग ते जोडले आणि स्वतःच खूश होऊन म्हणाला, बघा, सरळ रेघ आली. अरे, सरळच येणार होती तर सात ठिपके कशाला घातलेस?

मी हे उगीच बोलत नाही. मी चौथी पास आहे, पण सरळ रेघेबद्दल मला कुणी शिकवू नये. आमच्या गावात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती, पुढं कानडी. मी पुढं गेलो नाही. मामाबरोबर बेंगळुरूला आलो आणि बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात लागलो, तो म्हातारा होऊनच बाहेर पडलो. माझं काम पत्र्यावर रेघा मारायचं. इंजिनिअर कागदावर चित्र काढतो आणि ड्रिलवाला भोक पाडतो, पण भोक नेमकं कुठं पाडायचं ते पत्र्यावर आखून देणारा माणूस मधे लागतो. तो मी. टोकदार पोलादी सळईनं पत्र्यावर ओरखडा काढायचा, पंच ठेवून हातोडीचा एक ठोका द्यायचा. सरळ रेघेला दोन ठोके पुरतात. तिसरा द्यायचा तो फक्त आपली चूक पकडायला. सात ठोके देणाऱ्याला आमच्या फोरमननं त्याच दिवशी घरी पाठवला असता.

तिथं एकदा एक नवा इंजिनिअर आला होता, टाय लावून. मला म्हणाला, सगळी मापं पत्र्याच्या कडेपासून घे. मी विचारलं, कुठली कड? कातरीनं कापलेली कड वाकडी असते. आधी एक रेघ आपण मारायची, तिला आपलं शून्य धरायचं आणि सगळी मापं तिथून घ्यायची. त्यानं ऐकलं नाही. भोकं चुकली आणि पत्र्यांचा अख्खा ढीग भंगारात गेला. मी त्याला सगळ्यांसमोर म्हटलं, “साहेब, शून्य कुठं आहे हे ज्याला माहीत नाही, त्यानं माप घेऊ नये.” हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढं प्रत्येक नव्या माणसाला मी ते ऐकवलं. बायकोलाही ऐकवलं, किती वेळा ते आठवत नाही. ती चटणी वाटता वाटता हूं म्हणायची.

आता तिच्याबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

जे. पी. नगरात आम्ही घर बांधलं तेव्हा समोर नाचणीचं शेत होतं. आता समोर चार मजले आहेत आणि त्यांच्या गाड्या आमच्या दारात. इथल्या प्रत्येक जुन्या घराला दारातच जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिला संप म्हणतात. नळाला कावेरीचं पाणी आलं की ते संपात पडतं, आणि रोज सकाळी मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कावेरी आठवड्यातून एकदा येते, शनिवारी. मधे पाणी संपलं तर टँकर मागवायचा. टँकरचं पाणी बोअरचं. त्यात डाळ शिजत नाही, चहावर साय येते आणि भांड्यांना पांढरे डाग पडतात. बायको त्या पाण्याला पाणी म्हणायचीच नाही. “ते आलंय” म्हणायची, नको असलेला पाहुणा आल्यासारखं.

टँकर लागेल की नाही, आणि लागला तर कधी, हे ती आधी सांगायची. तिच्याकडं मच्छरदाणीची एक जुनी काठी होती. रोज सकाळी मोटर लावायच्या आधी संपाचं झाकण उघडून ती काठी तळाला टेकवायची, वर काढायची आणि शेजारच्या भिंतीला लावून उभी करायची. काठी जिथपर्यंत ओली, तिथं भिंतीवर खडूची खूण. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पण एक फरशी उजवीकडं. भिंतीलगतची एक फरशी म्हणजे एक दिवस. दोनतीन खुणा झाल्या की ती काठी तिरपी धरून त्या खुणांवर टेकवायची, काठीचं खालचं टोक कुठं येतं ते बघायची आणि त्याखालची फरशी मोजायची. “गुरुवारी संपतंय,” म्हणायची. गुरुवारी संपायचं. मग मंगळवारीच टँकरवाल्या अण्णाला फोन.

तीस वर्षं मी हे बघितलं आणि तीस वर्षं हसलो. बालवाडीतल्या पोरांसारख्या भिंतीवर रेघोट्या ओढतेस म्हणायचो. शाळेचं तोंड न बघितलेली बाई. तिला आडवी, उभी, समीकरण, काय माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिनंही सात खुणा केल्या असत्या बहुतेक.

आणि त्या भिंतीला खाली एक लाल पट्टा होता. रेड ऑक्साइडचा, जमिनीपासून बरोब्बर एक वीत उंच. दरवर्षी युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी ती स्वतः बसून तो रंगवायची, मला ब्रश लावू द्यायची नाही. चिखलाचे शिंतोडे दिसू नयेत म्हणून असेल असं मी धरून चाललो. संपाच्या बाबतीत तिचं एक म्हणणं ठरलेलं होतं: “खालची वीत आपली नाही.” मी विचारायचो, मग कुणाची? म्हणायची, संपाची. मी म्हटलं असेल काहीतरी बायकांचं, तुळशीला पाणी, गाईला घास, तशी संपाला एक वीत. पुढं विचारलं नाही. विचारायला तोंड होतं, पण ते बोलण्यात गुंतलेलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात ताप म्हणून तिला दवाखान्यात नेलं आणि तीन आठवड्यांत ती गेली. लोक म्हणाले, हाल झाले नाहीत. ज्यांनी बघितलं नाही ते असंच म्हणतात.

भिंतीवर तिच्या घरातल्या शेवटच्या आठवड्यातल्या चार खुणा राहिल्या. एकीपेक्षा दुसरी खाली, दुसरीपेक्षा तिसरी, चौथी आणखी खाली. पाचव्या फरशीवर काही नाही, कारण पाचव्या दिवशी आम्ही ऑटोत होतो. वर छप्पर असल्यामुळं पाऊस त्यांना लागला नाही. मी येता-जाता बघायचो. प्लॅस्टिकची खुर्ची मी त्या पाचव्या फरशीवर ठेवली, भिंतीकडं पाठ करून, आणि रोज संध्याकाळी तिथं बसायला लागलो. कंटाळा आला होता त्या खुणा बघायचा. कंटाळा म्हणतो मी.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा मुलगा म्हणाला, लोक येतील, बाहेरून रंग काढून घेऊ. रंगवाला जाडजूड कार्ड घेऊन आला, पांढऱ्याचे सोळा प्रकार. मी म्हटलं, पांढरा दे, आणि वरपासून खालपर्यंत सगळी भिंत एकच कर. त्यानं विचारलं, हा लाल पट्टा ठेवायचा काय अज्जा? मी म्हटलं, काही ठेवायचं नाही. एका दुपारत सगळं गेलं. खुणाही आणि पट्टाही. मला बरं वाटलं. मूर्खाला बरं वाटायला जास्त काही लागत नाही.

श्राद्ध शुक्रवारी आलं. करणारा मुलगा, स्वयंपाक सुनेचा, पाण्याची जबाबदारी मी घेतली. मला एकच गोष्ट हवी होती. ज्या पाण्याला ती पाणी म्हणायची नाही, त्यात तिच्या श्राद्धाचा भात शिजायला नको. बाकी भटजी काय म्हणतो, वड्यात किती मिरी, त्यात मला पडायचं नव्हतं. शनिवारी आलेली कावेरी शुक्रवारी दुपारपर्यंत पुरली पाहिजे, संपात मधे टँकर पडता कामा नये. सूनबाई पुण्याची. ती म्हणाली, “बाबा, सेफ साइड म्हणून बुधवारी टँकर सांगू या ना.”

मी म्हटलं बघू.

त्याच आठवड्यात नातीला शाळेत काम दिलं होतं: रोजच्या जगण्यातलं एक रेषीय समीकरण घ्या, आलेख काढा, तो दोन्ही अक्षांना कुठं छेदतो ते लिहा. काचेतल्या मास्तरानं टॅक्सीचं उदाहरण दिलं होतं, बसल्या बसल्या अमुक आणि पुढं प्रत्येक किलोमीटरला तमुक. सगळा वर्ग तेच लिहिणार. मी तिला म्हटलं, तू शाळेत चालत जातेस, तुला टॅक्सी कशाला? संप घे.

पोरगी एरवी माझं ऐकत नाही, पण टॅक्सीचा तिलाही कंटाळा आला असावा. रविवारी सकाळी आम्ही काठी बुडवली आणि मी माझ्या जुन्या पोलादी टेपनं ओला भाग मोजला. चौपन्न इंच. सोमवारी पंचेचाळीस. म्हणजे दिवसाला नऊ. तिनं हिरव्या चौकटींचा कागद घेतला, आडव्या रेघेवर दिवस मांडले, उभीवर इंच. वाय बरोबर चौपन्न वजा नऊ एक्स. एक्स म्हणजे दिवस, वाय म्हणजे उरलेलं पाणी, आणि रविवार म्हणजे शून्य दिवस. मग तिनं मला समजावलं, आणि मी सांगतो, त्या मास्तरापेक्षा चांगलं समजावलं.

“आज्जा, बघ. एक्सला शून्य कर. दिवसच गेला नाही, तर वाय चौपन्न. हा पॉइंट उभ्या रेघेवर. आता वायला शून्य कर. पाणीच नाही. मग नऊ एक्स बरोबर चौपन्न, म्हणजे एक्स सहा. हा पॉइंट आडव्या रेघेवर. दोन्ही जोड, झाली लाइन.”

“म्हणजे दोन पंच आणि एक रेघ,” मी म्हटलं.

“हो. आणि मंगळवारचा चेक करायला.”

पोरीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिची रेघ थरथरली म्हणून मी पट्टी घेऊन ती पुन्हा ओढून दिली, एका झटक्यात, वरच्या ठिपक्यापासून खालच्यापर्यंत. मंगळवारी छत्तीस आले. ठिपका रेघेवर बसला. बुधवारी सत्तावीस, गुरुवारी अठरा, तेही बसले. रोज सकाळी पोरगी दात घासत घासत ठिपका द्यायला धावायची. घरात वर्षभरात पहिल्यांदाच कुणी सकाळी धावत होतं.

मंगळवारीच मी सुनेला तो कागद दाखवला. रेघ आडव्या रेघेला सहावर मिळते, सहावा दिवस शनिवार, श्राद्ध पाचव्या दिवशी. टँकर नको. ती कागद बघून म्हणाली, कागदावर ठीक आहे बाबा, पण. मी तिला ‘पण’च्या पुढं जाऊ दिलं नाही. म्हटलं, तुझी सेफ साइड त्या टॅबमध्ये ठेव, इथं माप घेतलंय. कारखान्यातल्या त्या टायवाल्याचीही गोष्ट ऐकवली, सगळी, शेवटच्या वाक्यासकट. तिनं भांडी घासत हूं म्हटलं. ते हूं ओळखीचं वाटलं, पण मी लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी सकाळी काठीवर नऊ इंच आले, रेघेवर अगदी ठरल्याप्रमाणं. गच्चीवरची टाकी तोवर रिकामी झाली होती, कारण सगळ्यांच्या आंघोळी उजाडता उजाडता उरकल्या होत्या. मी मोटरचं बटण दाबलं. मोटर फिरली, पण तिचा आवाज निराळा. पाणी चढताना ती घुमते, ही किंचाळत होती. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज नाही. जळका वास यायला लागला तसं मी बटण बंद केलं. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

सून स्वयंपाकघरातून आली. हातात धुवायचे तांदूळ. मुलगा फोन लावायला लागला. टँकर रविवारी मिळेल म्हणाले. भटजी साडेनवाला येणार होता आणि आठ वाजले होते. मुलगा म्हणाला, दुकानातून पाण्याचे मोठे कॅन आणू, काय फरक पडतो, आई समजून घेईल.

मी म्हटलं, “तिनं आयुष्यभर समजूनच घेतलं. आज नको.”

त्यानं फोन खिशात टाकला.

पोरगी तोवर संपाचं झाकण सरकवून, गुडघ्यांवर बसून आत बघत होती. म्हणाली, “आज्जा, पाणी आहे. पण पाइप वर लटकतोय.”

मी वाकून बघितलं. तळाला पाणी होतंच, स्वच्छ, उजेड पडून हलत होतं. मोटरच्या पाइपाचं खालचं तोंड, जाळीची झडप असते ते, पाण्याच्या वर कोरडं लटकत होतं. पाइप तळापर्यंत जातच नव्हता. जाऊ नये म्हणूनच तसा बसवला होता. तळाचा गाळ मोटरमध्ये ओढला जाऊ नये म्हणून झडप तळापासून उंच ठेवायची. आणि ती उंच कुणी ठेवली होती? मी. घर बांधलं तेव्हा, माझ्या हातांनी, वीत लावून. बसवून वर आलो तेव्हा बायकोला सांगितलंही होतं, खालचं वीतभर पाणी येणार नाही, लक्षात ठेव. तिनं लक्षात ठेवलं. सांगणाऱ्यानं नाही ठेवलं.

मी काठीवर हात पसरला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, ओला भाग बरोब्बर तेवढा. एक वीत. नऊ इंच. एका दिवसाचं पाणी.

मग मी वळून भिंतीकडं बघितलं. पांढरी. वरपासून खालपर्यंत एकच. मीच सांगितलं होतं तशी. तिची काठी तिरपी टेकायची ती खालच्या फरशीला नाही, त्या लाल पट्ट्याच्या वरच्या कडेला टेकायची. तिथं जी फरशी खाली येईल ती मोजायची. जमीन तिचं शून्य नव्हतं. लाल पट्टा तिचं शून्य होतं. आडवी रेघ तिनं एक वीत वर उचलून ठेवली होती आणि दरवर्षी युगादीला नवी करत होती. आणि मी, शून्य कुठं आहे हे ज्याला माहीत नाही त्यानं माप घेऊ नये असं जगाला सुनावत फिरणारा माणूस, मी रंगवाल्याला बोलावून ते शून्य पुसून घेतलं होतं. तो टायवाला इंजिनिअर निदान नवा होता.

पोरीची चूक नव्हती. तिची रेघ सरळ होती, ठिपके बरोबर होते, दोन्ही ठिकाणी रेघ जिथं मिळायला हवी तिथं मिळत होती. तिला मी माप दिलं आणि शून्य चुकीचं दिलं. चुकीच्या शून्यावरून काढलेली रेघ किती देखणी दिसते हे मी कागदावर बघितलं होतं, आणि ती पट्टीनं मीच ओढली होती.

बादली सोडून बघितली. वीतभर पाण्यात बादली आडवी पडते आणि गाळ उठवते. मग मी स्टीलचा एक छोटा डबा काठीच्या टोकाला धोतराच्या चिंधीनं बांधला. गाठ कारखान्यातली, सुटत नाही. पोरगी फरशीवर पालथी झोपली, डबा वरच्यावर पाण्याला लावून अलगद भरायची आणि वर द्यायची, मी फडक्यातून हंड्यात ओतायचो. तळाला धक्का नाही लागू द्यायचा एवढंच मी सांगत होतो, आणि ती म्हणत होती, कळलं आज्जा, किती वेळा सांगशील. नवा फ्रॉक मळला. सून बघत होती, तिनं पोरीला उठ म्हटलं नाही. एक हंडा भरला की ती येऊन उचलून न्यायची. तिसऱ्या हंड्याला मी तिला म्हटलं, तुझं बुधवारचं ऐकायला पाहिजे होतं. ती म्हणाली, “टँकर घातला असता तर डाळ शिजली नसती, बाबा.” आणि हंडा घेऊन गेली. मला वाटतं ती बायकोकडून बरंच शिकली आहे, मुख्य म्हणजे कधी बोलायचं.

भटजी आला, खुर्चीवर बसून फोन चाळत राहिला, दोनदा म्हणाला की पुढं देवनहळ्ळीला जायचंय, विमानतळाच्या रस्त्याला गर्दी असते. मी म्हटलं, स्वल्प थांबा. तो थांबला. त्याला दुसरं करता येण्यासारखं नव्हतं, पिंडाचा भात अजून चुलीवर होता.

सगळं झालं. उशिरा, पण झालं. मुलानं तीळ घालून ओंजळीतून पाणी सोडलं तेव्हा मी पाण्याकडं बघत होतो. खालच्या वितीतलं पाणी. आपली नाही म्हणायची ती. मी डोळे पुसले, भटजीला वाटलं धुरानं.

शनिवारी कावेरी आली. सोमवारी पोरीनं शाळेत कागद दिला. देण्याआधी तिनं खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं की पंपाची झडप नऊ इंचांवर आहे, म्हणून पाणी सहाव्या दिवशी नाही, पाचव्या दिवशी संपतं. आडवी रेघ नऊ इंच वर घ्यायला पाहिजे. बाईंनी त्या ओळीवर काट मारली. प्रश्नात पंप दिलेला नाही, उत्तर सहाच, दहापैकी दहा. पोरीनं रात्री जेवताना काचेतल्या मास्तरालाही टाइप करून विचारलं. उत्तर आलं, ग्रेट क्वेश्चन, आणि पुढं टॅक्सीचंच उदाहरण. दहापैकी दहा मिळवून आमच्या घरात पाणी नव्हतं, हे त्या दोघांनाही कधी कळणार नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी माझी जुनी पेटी उघडली. पोलादी सळई अजून टोकदार होती. मुलगा दारात उभा राहून म्हणाला, बाबा, नवा रंग आहे, पंधरा दिवस झाले नाहीत. मी त्याला म्हटलं, मला दिसतंय. भिंतीच्या एका टोकाला जमिनीपासून वीत मोजून एक खूण केली, दुसऱ्या टोकाला दुसरी, मधे एक, चूक पकडायला. मग पट्टी धरून ओरखडा काढला. हात पूर्वीसारखा राहिलेला नाही, एका ठिकाणी रेघ थोडी हलली. सुनेनं कुठूनतरी रेड ऑक्साइडची पुडी काढून दिली, बायकोनं ठेवलेली असणार. पोरीनं ब्रश मागितला. मी दिला नाही.

रंग वाळेपर्यंत आम्ही काठी बुडवली. पहिल्या फरशीवर खूण झाली, दुसरी सोमवारी झाली. पोरीनं काठी तिरपी धरून दोन खुणांवर टेकवली, आणि लाल कडेवर ती जिथं आली तिथून खाली बोट नेलं. रविवारची फरशी शून्य धरून मोजलं तर पाचवी.

म्हणाली, “आज्जा, शुक्रवार. पण वाटेत तुझी खुर्ची आहे.”

खुर्ची मी उचलली आणि समोरच्या बाजूला नेऊन ठेवली, तोंड भिंतीकडं करून.